तुम्ही विचारलंत म्हणून: आधी कुणी बांधलंच नाही, त्याला सुरक्षित असल्याचा दाखला कसा देता?

समुद्रातल्या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मची ड्रॉइंग तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे लग्नकार्यात हा प्रश्न ठरलेलाच. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मुंबई हाय असतं: पोलादी नळ्यांचे जाळीदार सांगाडे, समुद्रतळात ठोकून बसवलेले. त्या जातीसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची नियमावली 1969 पासून आहे. कलम काढा, गणित ताडून बघा. अडतं ते नव्या जातीपाशी.

उत्तर समुद्रात 1984 साली हटन प्लॅटफॉर्म आला. तरंगता सांगाडा, सोळा पोलादी नळ्यांनी खाली खेचून धरलेला. त्या प्रकारचा तो जगातला पहिलाच. या रचनेत नळ्यांचा ताण कधी सुटता कामा नये. लाट उतरताना एखादी सैल पडली आणि पुन्हा ताणली गेली, की बसतो तो जबरदस्त हिसका. आता याचं कलम जुन्या नियमांत कुठून सापडणार? अशा वेळी प्रश्न उलटा विचारायचा: हे कशाकशाने मोडेल? जेवढी कारणं सुचतील तेवढ्यांना उत्तर हवं. कुठे गणित, कुठे लाटांच्या टाकीत छोट्या मॉडेलची चाचणी, कुठे बसवल्यानंतरची मोजमापं. उत्तर नाही, तर सही नाही.

खरं सांगायचं तर नव्या भागाची मला फारशी धास्ती नसते. त्याच्यावर सगळ्यांचाच डोळा असतो. ‘अलेक्झांडर कीलँड’ हा पाच खांबांचा तरंगता प्लॅटफॉर्म 27 मार्च 1980 ला उलटला आणि 212 पैकी 123 माणसं गेली. सुरुवात झाली ती एका आडव्या ब्रेसला, म्हणजे खांबांना जोडणाऱ्या नळीला, पाण्यातला आवाज टिपणारं यंत्र बसवायला जोडलेल्या आधारापासून. वेल्डिंग जेमतेम 6 मिलिमीटरचं. भार घेणारा भाग नव्हे म्हणून त्याच्याकडे कुणी भार घेणाऱ्या जोडासारखं पाहिलंच नाही. नंतर तड्याच्या आत रंग सापडला. म्हणजे बांधणीच्या वेळीच तडा होता आणि त्यावरून ब्रश फिरला होता! ब्रेस तुटला, पाठोपाठ बाकीचे, मग खांबच निखळला. तेव्हापासून मी प्रत्येक रचनेला विचारतो, यातला एक तुकडा गेला तर उरलेले तग धरतील का?

‘स्लाइपनर ए’चं तर त्याहून विचित्र. प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया, त्या जातीचे कितीतरी आधी नीट उभे राहिलेले. ऑगस्ट 1991 मध्ये नॉर्वेच्या खाडीत तो मुद्दाम खोल बुडवून बघत असताना एक भिंत फुटली. माणसं वाचली, पाया तळाशी गेला. संगणकातल्या गणिताने त्या भिंतीवरचा कातरभार (तिला आडवं कापू पाहणारा जोर) 47 टक्के कमी दाखवला होता. नंतर नीट गणित केलं तेव्हा भिंत 62 मीटर खोलीला फुटेल असं आलं. प्रत्यक्षात ती फुटली 65 ला.

म्हणून कंपनीचंच संगणकातलं मॉडेल पुन्हा चालवणं याला मी तपासणी म्हणत नाही. दुसरा माणूस, दुसरा प्रोग्रॅम, आणि मोक्याचे चार जोड कागदावर, हाताने. नवी पोरं नाक मुरडतात, मुरडू देत.

शिवाय दाखल्याला मुदत असते, सोबत अटींचं पान असतं: कुठला जोड किती वर्षांनी पाण्याखाली जाऊन बघायचा. मालकांशी आमची खरी हुज्जत या पानावर. पाणबुडे उतरवायचे म्हणजे बोट आली, हवामानाची वाट बघणं आलं, आणि बिल आलं.