स्लीपिंग बॅगेने खाल्लेला एक महिना

सायकलवर सामान बांधून चार रात्री तंबूत काढायच्या ठरल्या तेव्हा घरात एक स्लीपिंग बॅग होतीच, चौकोनी, पावणेदोन किलोची. म्हटलं हीच नेऊ. कॅरियरवर बांधून बघितली तर अख्खी जागा तिनेच खाल्ली, तंबू ठेवायचा कुठे? तेव्हा कळलं की सायकलवर वजनाआधी आकार छळतो, अर्धा किलो जास्त असला तर चढावर फार तर चार शिव्या देऊ, पण जे पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरियरच्या बाजूंना लटकवायच्या पिशव्यांत, मावतच नाही ते नेणार कसं.

मग डाऊन की सिंथेटिक यात मी दहा दिवस घालवले, खोटं नाही सांगत. डाऊन म्हणजे बदक किंवा हंसाच्या पिसांखालची मऊ लव, तेवढ्याच उबेला हलकी आणि दाबली की एवढीशी होते, पण ऊब असते ती तिच्यात अडकलेल्या हवेची, त्यामुळे भिजून चप्प बसली की संपलं. सिंथेटिक म्हणजे कृत्रिम धाग्यांचं भरण, ते ओलं झालं तरी थोडीफार ऊब धरतं, पटकन वाळतं, पण गाठोडं मोठं होतं. पावसाचे दिवस नव्हते म्हणून मी डाऊन घ्यायचं ठरवलं.

आकड्यांत मात्र फसलोच होतो. एका बॅगेवर ठळक अक्षरात उणे 5 लिहिलेलं, रात्री 5 अंशांपर्यंत उतरतील असा अंदाज होता, म्हणजे भरपूर झालं की! नशिबाने खालचं बारीक अक्षर वाचलं. आयएसओ 23537 या स्लीपिंग बॅगांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते तापमान), लिमिट (अंग मुडपून कशीबशी झोप होईल ते), एक्स्ट्रीम असे वेगवेगळे आकडे निघतात आणि तो उणे 5 लिमिटचा होता, कम्फर्ट होता 0. एक्स्ट्रीमचा आकडा तर झोपेसाठी नाहीच, नुसता जीव तगण्यापुरता. मी थंडीला भित्रा, त्यामुळे फक्त कम्फर्ट बघून शेवटी तीच घेतली, ममी आकाराची, म्हणजे पायाकडे निमुळती, 900 ग्रॅम.

निघण्याआधी एक रात्र गच्चीवर झोपून बघितलं. वरून मस्त ऊब आणि पाठ गारठलेली, दोन वाजता उठून आत आलो. बॅगेत खोट नव्हती, अंगाखाली दबलेली लव फुगतच नाही, तिथली थंडी मॅटनेच अडवायची असते आणि माझी मॅट म्हणजे योगाची पातळ चटई. मग आर व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवण्याचं माप, 3 च्या वर असलेली हवेची मॅट घेतली, महिनाभर बॅगेचे ग्रॅम मोजत बसलो आणि मॅटचा विचार एकदाही नाही, काय म्हणावं.

प्रवासात तिसऱ्या रात्री तंबूच्या आतल्या बाजूला दव साचलं आणि बॅगेचं पायाकडचं टोक त्याला टेकून ओलं झालं. दुपारी थांबलो तेव्हा सायकलवरच उलटी करून तासभर उन्हात टाकली, हाताने लवेच्या गुठळ्या मोकळ्या केल्या, मग फुगली परत.