पायवाटेची तक्रार नको, जागा सांगा

‘पायवाटांची दुरवस्था झाली आहे, तरी लक्ष घालावे’ असं निवेदन दिलं की त्यावर आवक शिक्का बसतो आणि विषय संपतो. सोलापुरातलं सिद्धेश्वर वनविहार असो की जवळच्या हिप्परग्याचा तलावकाठ, सूचना ठरावीक जागेची हवी. चांगल्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी वाट पायी फिरा, पाणी साचलंय तिथला अक्षांश-रेखांशासह फोटो काढा. उन्हाळ्यात सगळ्याच वाटा चांगल्या दिसतात.

आधी जमीन कुणाची ते बघा. गट नंबर काढून सातबारा, शहर हद्दीत मिळकत पत्रिका. वनखातं, महापालिका, जलसंपदा यांपैकी भलत्याच टेबलावर अर्ज गेला तर नुसता कागद फिरतो.

लोकांची पहिली मागणी हमखास पेव्हर ब्लॉकची. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. वरचे ब्लॉक मग वरखाली होणारच. त्यापेक्षा मुरूम मागा, पण मापासकट. काळी माती दहा-बारा सेंटिमीटर काढायची आणि मुरमाचे दोन थर द्यायचे. पाणी मारून, धुम्मस करून प्रत्येक थर 10 सेंटिमीटरचा बसला पाहिजे. एकदम ओतला तर वरून कडक दिसतो, आत पोकळ राहतो आणि पहिल्या पावसात खचतो. मीटरभर रुंदीला 5 सेंटिमीटर उतार एका बाजूला. फळी आणि पाणसळ घेऊन कुणीही तपासू शकतं.

एवढं करूनही पाणी साचतं, कारण पावलांनी मधला भाग दबतो आणि काठाला मातीचा ओठ तयार होतो. पाणी बाहेर न जाता वाटेवरूनच धावतं. हा ओठ फावड्याने खरवडणं हे वर्षातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. वाट थेट उतारावरून खाली पडत असेल तर मात्र दुरुस्तीत पैसे घालू नका. ती तिरकी वळवूनच घ्यावी लागते.

तलावाच्या मातीच्या बांधावर सावलीसाठी झाडं लावा, ही सूचना तर करूच नका. मुळं कुजली की त्या पोकळीतून पाणी झिरपतं. झाडं बांधाच्या पायथ्यापासून लांब हवीत.

सूचना ठरवायची बैठक सकाळी फिरायला येणाऱ्यांपुरती ठेवली तर निम्मी माहिती बाहेरच राहते. मेंढपाळांना बोलवायचं तर संध्याकाळी, कळप वाड्यात गेल्यावर. पाणी कुठून फुटतं, कळप कुठे आडवा जातो, हे त्यांना नकाशाशिवाय ठाऊक असतं. कळपाची वाट तारेने बंद केली तर तार तुटणार, हेही तेच सांगतील.

गवत कापायची मागणी करताना रुंदी लिहा: दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर, आणि तेही कुसळं पिकायच्या आधी. सरसकट माळ साफ करायला सांगू नका. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते. त्या काळात वाटेबाहेर यंत्र फिरवायचं नाही, असं अर्जातच लिहून द्या.