रतनगड आणि भंडारदऱ्याचा वळसा: अर्धा सायकलवर, अर्धा सायकल हातात धरून

भंडारदऱ्याच्या जलाशयाला सायकलने वळसा घालायचा आणि दुसऱ्या दिवशी रतनगड करायचा, असा बेत करत असाल तर आधी हे वाचा. साम्रद ते रतनवाडी या तुकड्याबद्दल कुणी "मस्त डांबरी आहे, डोळे झाकून जा" म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा की बाबा, तू कशावरून गेला होतास? आम्हाला सांगणारा जीपच्या मागच्या सीटवर होता. बहुतेक डोळे झाकूनच.

मी आणि दादा, डिसेंबरातला शनिवार-रविवार. धरणाजवळच्या शेंडी गावात गाडी लावली आणि साडेसातला निघालो. नाक्यावर अभयारण्याची पावती फाडतात, ती टाकून देऊ नका, पुढे विचारतात. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला कळसूबाईपासून अलंग-मदन-कुलंगपर्यंतची रांग. छान होतं. घाटघरच्या कड्यावर अर्धा तास बसलो, तेही छान होतं.

मात्र पाण्याकाठचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, ही समजूत शेंडीतच सोडून या. १९२६ साली विल्सन धरण पूर्ण झालं आणि प्रवरेच्या दरीत पाणी भरलं. रस्ता त्या दरीच्या उतारावरून जातो. डोंगरावरून उतरणारा प्रत्येक ओढा त्याला आडवा येतो, म्हणजे ओढ्यात उतरा, दांडावर चढा, पुन्हा उतरा. एकही चढ लांब नाही, पण संपतही नाहीत. माझ्या सायकलला मागे २८ दाती मोठं चक्र होतं, ते कमी पडलं. ३२ किंवा ३४ लावून जा. मोबाइलवर उंचीचा आलेख बघून खूश होऊ नका, त्यात हे छोटे चढ घासून गुळगुळीत केलेले असतात.

आता साम्रद. बहुतेक लोक इथे सांदण दरीसाठी येतात आणि आल्या वाटेने परत जातात. त्यांचं बरोबर आहे. गाव सोडलं आणि थोड्याच वेळात डांबर विरळ होत होत नाहीसं झालं. मग सुटी खडी. रोलरने दाबलेली नव्हे, नुसती पसरलेली, मुठीएवढ्या दगडांची. माझे टायर २८ मिलिमीटरचे. पहिल्याच उतारावर मागचं चाक सळसळलं, धप्प झालं आणि हवा गेली. ट्यूब काढून पाहिली तर शेजारीशेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. हवा थोडी कमी असली की दगड ट्यूबला रिमच्या कडेवर चिमटतो, त्याची ही खूण. पॅच लावला, हवा भरली, तीनशे मीटर गेलो, पुन्हा तेच. यात चूक माझीच. खडीवर पकड मिळावी म्हणून सकाळीच मी हवा कमी केली होती. रुंद टायरला हे चालतं, बारीक टायरला नाही. ३८-४० मिलिमीटरचे टायर नसतील तर या रस्त्यावर येऊच नका.

मग चालणं. पायात क्लीटवाले बूट, म्हणजे तळाला पेडलमध्ये अडकणारी पट्टी असलेले. खडीवर त्यांची धातूची पट्टी अशी घसरते की दर चौथ्या पावलाला घोटा मुरगळायला बघतो. शिवाय तळातल्या खाचेत बारीक खडी आणि माती घट्ट बसते. मधे बरा तुकडा आला, बसले, तर बूट पेडलमध्ये अडकेचना. स्पोकची चावी काढून कोरत बसले. समोरून डोक्यावर सरपण घेऊन एक आजी आल्या. थांबल्या, सायकलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बिघडली का गं?" म्हटलं, नाही, आता चालतेय. "मग बसत का न्हाईस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर एक जीप आली. दोन माणसं, दोन सायकली, रतनवाडीपर्यंत दीड हजार रुपये. राहिलं होतं जेमतेम चार किलोमीटर. दादा नको म्हणाला, मीही मान ताठ ठेवून नको म्हणाले, आणि दोनशे पावलांवर दोघांनाही पश्चात्ताप झाला. तुम्ही अडकलात तर अर्ध्यावरून बोली सुरू करा, पण अंधार पडायच्या आत. अंधार पडला की भाव जीपवाल्याचा. आम्ही रतनवाडीत शिरलो तेव्हा अमृतेश्वराच्या देवळापाशी दिवे लागले होते. देऊळ सुंदर आहे म्हणतात. मी त्या दिवशी फक्त पुष्करणीच्या कडेला पाय सोडून बसायला कुठे जागा आहे का, तेवढंच पाहिलं.

रविवारी रतनगड. उंची १२९७ मीटर, गावातून साधारण साडेपाचशे मीटर चढ. ओढा, रान, मग लोखंडी शिड्या आणि गणेश दरवाजा. चढताना काही वाटलं नाही. नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकात, बसून वारा खाल्ला आणि वाटलं, जमलं की! तिथेच आगाऊपणा सुचला आणि त्र्यंबक दरवाजाने उतरलो. कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत, कित्येक गुडघ्याएवढ्या उंच, काही झिजलेल्या, आणि बाजूला खोल दरी. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना ताणला जात वजन पेलतो, आणि आदल्या दिवशी दमलेली मांडी नेमकी तिथे दगा देते. माझे पाय शिवणयंत्रासारखे थडथडत होते. शेवटच्या काही पायऱ्या मी बसून उतरले. पँटची मागची बाजू गेली.

म्हणून गड शनिवारी करा, सायकल रविवारी. सोमवारी जिना उतरताना ओरडाल, पण त्र्यंबक दरवाज्यात ताजे पाय हवेत. सायकल आधीच झाली असेल तर मुकाट शिड्यांनी परत या. गावातून सहाला निघा. आम्ही सातला निघालो, तरी शिड्यांपाशी वीस मिनिटं रांगेत होतो, आणि आमच्या मागची रांग वाढतच होती.

आणि वळसा पुरा करण्याचा हट्ट सोडा. शेंडी ते घाटघर आणि परत, हीच चांगली सहल आहे. हट्ट करायचाच असेल तर उलट्या दिशेने जा, म्हणजे खडी सकाळी ताज्या पायांनी निपटेल. साधे बूट पाठीवर ठेवा, दोन जादा ट्यूब घ्या, नुसत्या पॅचवर विसंबू नका. नेटवर्क येतं-जातं, नकाशा आधीच उतरवून घ्या.

रतनवाडी ते शेंडी वीसेक किलोमीटर, मुतखेलवरून. तो रस्ता आम्हाला चांगला लागला, निदान मला तसा आठवतो. साडेचारला निघालो, गाडीपाशी पोचलो तेव्हा दादाच्या पुढच्या दिव्याची बॅटरी संपत आली होती. उजव्या बुटाचं क्लीट घरी येऊन पाहिलं तर एका बाजूने पार चाटलं गेलं होतं. जीपचे पैसे द्यायला हवे होते.