चकचकीत नखं

जानेवारीतली ग्वाल्हेरची सकाळ. दहा वाजले तरी रस्त्यावर धुकं होतं. शहराच्या लष्कर भागातल्या माझ्या दवाखान्यात सात वर्षांचा एक मुलगा आई-आजीबरोबर आला. अंगात लोकरी स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि दोन्ही हातांत पायमोजे.

"मॅडम, याला तुम्हीच सांगा आता," आजी म्हणाल्या. "रात्रभर खाजवतो. मोजे घालून निजवलं तर दातांनी ओढून काढतो. काल मी चापट मारली त्याला." एवढं बोलून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

दीड महिन्यापूर्वी तो माझ्याकडेच येऊन गेला होता. केसपेपर उघडला. माझंच अक्षर: खाजेचं सिरप, एक मलम, आणि खाली ‘खाजवू नये’.

मी त्याचे मोजे काढले. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, पण काचेसारखी चकाकत होती. नेलपॉलिश नव्हतं. महिनोन्‌महिने स्वतःच्याच कातडीवर घासून त्यांना ही झिलई चढली होती. गुडघ्यामागची घडी काळवंडलेली, जाड, रेघारेघांची. वर्गात त्याला वेगळ्या बाकावर बसवतात, हे आई हळूच म्हणाली. त्याचा हा इसब (एक्झिमा) संसर्गजन्य नाही, हे मी तिथल्या तिथे लेटरहेडवर लिहून दिलं.

1660 साली सॅम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने खाजेची व्याख्या केली, ती आजही आम्ही शिकतो: खाजवण्याची इच्छा जागवणारी अप्रिय संवेदना. खाजवणं त्या व्याख्येतच आहे. आणि मी या पोराला ‘खाजवू नये’ असं लिहून मोकळी झाले होते! शिंकणाऱ्याला शिंकू नकोस म्हणण्यासारखंच ते.

अंगावर पित्त उठतं, तेव्हाच्या खाजेमागे मुख्यतः हिस्टामिन नावाचं शरीरातलंच रसायन असतं, म्हणून त्याला अडवणारी गोळी छान लागू पडते. ॲलर्जीच्या इसबाचं तसं नाही. तिथे त्वचेची भिंतच कच्ची असते. पाणी उडून जातं, बाहेरचं आत शिरतं, आणि इंटरल्युकिन-31 सारखी रसायनं थेट मज्जातंतूंना चेतवतात. मी दिलेलं सिरपही हिस्टामिनवरचंच; त्याने फार तर गुंगी येते, खाज राहतेच. खाजवलं की क्षणभर बरं वाटतं, भिंत आणखी फुटते, दाह वाढतो आणि खाज दुप्पट होऊन परत येते. रात्री तर दाह आवरणारं शरीरातलं कॉर्टिसॉल कमी असतं, रजईत अंग तापतं, आणि मन गुंतवायलाही काही नसतं.

"आंघोळ कशी घालता?" मी विचारलं.

"कढत पाण्याने, बेसन लावून. नंतर सरसोंचं तेल चोळते. आमच्याकडे सगळी पोरं अशीच वाढली, मॅडम."

त्यांचं प्रेमच होतं ते, पण या त्वचेला कढत पाणी आणि हे तेल दोन्ही बाधतात. मी आजींना समोर बसवलं. पाणी कोमट, पाच-दहा मिनिटांत आंघोळ, टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच क्रीम. स्वेटरच्या आत सुती बंडी. मग आईच्या तर्जनीवर टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ ओढून दाखवली: एवढं मलम मोठ्या माणसाच्या, बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. आधी ती स्टेरॉइडच्या भीतीने मुगाएवढंच लावत होती. किती दिवस लावायचं आणि कधी थांबवायचं, तेही तारखांसकट लिहून दिलं.

मुलगा इतका वेळ गप्प होता. मी त्याला म्हटलं, "खाज आली की आईला उठव. ती गार ओलं फडकं ठेवेल. तुला कोणी रागावणार नाही."

त्याने आजीकडे पाहिलं. आजींनी त्याचे मोजे आपल्या पिशवीत टाकले.

मार्चमध्ये तो पुन्हा आला. घडी मऊ झाली होती, काळेपणा होता अजून. मी त्याचा हात खिडकीपाशी नेला. नखांच्या टोकांना जुनी चकाकी होती, पण मुळाशी पाच-सहा मिलिमीटर नवं नख आलं होतं, साधं, मंद, चारचौघांसारखं.