गावचा सर्व्हर: चार पोर्टचं कार्ड बसलं

मंडळी, मागच्या नोंदीनंतरचं काम. मशीन तेच, जुना टॉवर आणि त्यावर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एकाच मशीनवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारी प्रणाली. ते दिग्रसजवळ गावी घरच्या ओसरीमागे, मी यवतमाळात. नेटवर्क गेलं की दारव्हामार्गे जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे नियम एकच ठेवला: बदल आधी तात्पुरता, चालला तरच कायमचा.

मदरबोर्डावरचं नेटवर्क कार्ड, इंटेल आय२१९, लोड आला की अडायचं. लॉगमध्ये ‘डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग’, ड्रायव्हर ई१०००ई. दुखणं जुनंच आहे, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ओळखीचं असेल. एथटूल या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या कमांडनं टीएसओ आणि जीएसओ (पाठवायच्या डेटाचे तुकडे पाडणं कार्डावर किंवा शेवटच्या टप्प्यावर ढकलणाऱ्या सोयी) बंद केलं. एथटूलचा बदल रीबूटला पुसला जातो, आणि आपल्या कामी तेच पडतं: बिघडलंच तर भाच्यानं बटण दाबायचं, मशीन पूर्वीसारखं. रात्रीचा बॅकअप न अडता गेला, तेव्हा कुठे ती ओळ नेटवर्कच्या इंटरफेसेस फाइलमध्ये पोस्ट-अप म्हणून, म्हणजे कार्ड चालू झालं की आपोआप चालेल अशी, टाकली.

नवं चार पोर्टचं कार्ड, इंटेल आय३५०, पोळ्याला गावी असताना बसवलं. स्लॉटमध्ये कार्ड वाढलं की पीसीआय बसचे आकडे सरकू शकतात, आणि आधीच्या एखाद्या कार्डाचं नाव ईएनपी२एस० चं ईएनपी३एस० होतं. ब्रिज (व्हीएमना कार्डाशी जोडणारा आभासी स्विच) मात्र जुन्याच नावाला धरून बसतो. म्हणून आधीच मॅक पत्त्यावरून (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) डॉट-लिंक या नावं ठरवणाऱ्या फाइलनं नावं बांधली. त्यात टाइप ईथर लिहायचं विसरू नका, कारण ब्रिजही तोच मॅक घेतो आणि नियम त्यालाही लागू शकतो. नावाची सुरुवात ‘ईएन’नं ठेवली की प्रॉक्समॉक्स त्याला खरं कार्ड म्हणून ओळखतं. शेवटी इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल-प्रतिमा) अपडेट.

ब्रिजची मांडणी यवतमाळहूनच बदलली. जुन्या फाइलची कॉपी ठेवली, सिस्टिमडी-रन या टायमर लावणाऱ्या कमांडला सांगितलं की पाच मिनिटांनी ती परत जागेवर ठेव आणि आयएफरीलोड (नेटवर्कची मांडणी पुन्हा लावणारी कमांड) चालव. मग नवी मांडणी लावली. एसएसएच, म्हणजे दुरून मशीन चालवायची जोडणी, लटकलं. भाच्याला फोन केला.

‘मामा, लाइट तं लागून राहिला, पन लुकलुकून नाही राहिला.’

म्हणजे केबल ठीक, रहदारी शून्य. हात लावला नाही. वेळ भरली, जुनी मांडणी आपसूक आली, एसएसएच उघडलं. ब्रिजला दिलेल्या पोर्टात केबलच नव्हती, शेजारच्यात होती. भाच्यानं हलवली, दुसऱ्या खेपेला टिकलं, टायमर रद्द केला. व्हीएमचा स्नॅपशॉट (जतन केलेली स्थिती) इथे उपयोगाचा नाही. होस्टचं, म्हणजे मूळ मशीनचं, नेटवर्क त्यात येतच नाही.

पासथ्रूचं, म्हणजे खरं कार्ड थेट व्हीएमच्या हाती देण्याचं, बरेच जण विचारतात. बायोसमध्ये त्यासाठीची इंटेलची सोय, व्हीटी-डी, चालू केलं, पण व्हीएफआयओला (कार्ड व्हीएमकडे सोपवणारा ड्रायव्हर) काही बांधण्याआधी आयओएमएमयू ग्रुप, म्हणजे एकत्रच सोपवावी लागणारी उपकरणं, पाहिले. आय२१९ चिपसेटच्या एसएमबस वगैरे इतर भागांसोबत एकाच ग्रुपमध्ये, म्हणजे ते देणं बाद. आय३५० च्या चारही पोर्टांचा डिव्हाइस आयडी एकच, त्यामुळे आयडीवरून बांधलं की चारही होस्टच्या हातून जातात. एकच द्यायचा तर पीसीआय पत्त्यावरून बांधा. एसीएस ओव्हरराइड, म्हणजे ग्रुप जबरदस्तीनं तोडणारा कर्नल पॅच, मी लावणार नाही. त्यानं ग्रुप कागदावर सुटे होतात, खरी आडभिंत उभी राहत नाही. एसआर-आयओव्हीत (एका खऱ्या कार्डाची अनेक आभासी कार्डं करायची सोय) आय३५० चा आयजीबी ड्रायव्हर पोर्टमागे सात व्हीएफ, म्हणजे अशी आभासी कार्डं, देतो, पण एक गिगाबिटच्या लाइनला तो थाट कशाला? व्हर्टिओ (व्हीएमसाठीच बनवलेलं जलद आभासी कार्ड) आणि ब्रिज पुरे.

मित्राच्या कृषी केंद्राचे हिशेब ज्या विंडोज व्हीएमवर आहेत, तिचं आभासी कार्ड ई१००० (जुन्या इंटेल कार्डाची नक्कल) वरून व्हर्टिओवर नेलं. व्हर्टिओचा ड्रायव्हर आधी आत टाकायचा, कार्ड नंतर बदलायचं. विंडोज त्याला नवंच कार्ड समजतं आणि स्थिर आयपी जुन्या, लपलेल्या कार्डाला चिकटलेला राहतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून जुनं काढलं, मग तोच पत्ता नव्याला दिला.

राहिलंय आय३५० चं फर्मवेअर (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करणं. लाइटचा भरवसा नाही आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी. बॅटरी बदलेपर्यंत त्याला हात नाही.