तुम्ही विचारलंत म्हणून: पैशाचं पुस्तक ऐकून कळतं का?

"पैशाचं पुस्तक वाचायचं सोडून ऐकता कशा? आकडे कानात राहतात का?" हे मला ओळखीतले बरेच जण विचारतात. सगळे नाही राहत. निवेदक कर्जाच्या हप्त्यांचं कोष्टक वाचू लागला की मी सरळ पुढे जाते. ते कागदावरच बघायचं. पण ७२ चा नियम ऐकूनच पाठ होतो. ७२ ला व्याजदराने भागा, साधारण तितक्या वर्षांत रक्कम दुप्पट. सहा टक्क्यांना बारा वर्षं. कर्जालाही तोच हिशेब. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला साडेतीन टक्क्यांनी चढत असेल, तर वीस-एकवीस महिन्यांत दुप्पट. हे कानावर पडल्यावर नुसता 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरून स्वस्थ बसवत नाही.

पण खरं कारण निराळं आहे. वाचलेलं माझ्यापुरतं राहतं, ऐकलेलं घरभर होतं. मी इअरफोन लावत नाही. संध्याकाळी फोन ओट्यावर ठेवते आणि पुस्तक मोठ्याने लावते. आमच्याकडे पैशाचा विषय निघाला की एकतर आवाज चढायचे, नाहीतर सगळे गप्प. तोच विषय तिऱ्हाईत माणसाने काढला की कुणाला लागत नाही.

एकदा एका अमेरिकन पुस्तकाचं मराठी भाषांतर चालू होतं. तिकडे बँक बुडाली तरी अडीच लाख डॉलरपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, असं आलं. मेथी निवडता निवडता सासूबाई थांबल्या. "ते त्यांचं झालं. आपल्याकडे किती गं?" पुस्तक थांबवून शोधलं. ५ लाख, फेब्रुवारी २०२० पर्यंत तर १ लाखच होते. तेही मुद्दल आणि व्याज मिळून, आणि एका बँकेच्या सगळ्या शाखा धरून. सासूबाईंच्या एफडी एकाच सहकारी बँकेच्या दोन शाखांत होत्या, आणि शाखा वेगळी म्हणजे विमा वेगळा असं त्या धरून चालल्या होत्या. मेथी तशीच टाकून त्यांनी कपाटातून पावत्यांची पिशवी आणली. पावत्या मांडल्यावर दोन ठेवींना नॉमिनीच नाही, हेही दिसलं. लगेच बँकेत जाऊन नावं लावून घेतली.

परदेशी पुस्तक ऐकताना सासूबाईंचा तो प्रश्न पानोपानी विचारावाच लागतो. अमेरिकेतला फोर-ओ-वन-के (नोकरदारांचं निवृत्तीसाठीचं बचत खातं) समजला म्हणून आपला पीपीएफ, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधी, समजत नाही. पीपीएफचं व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर धरतात. दीड लाख ५ एप्रिलच्या आत न भरता ६ तारखेला भरले, तर ७.१ टक्के दराने त्या महिन्याचे सुमारे ८८७ रुपये गेलेच.

सुरुवात करायची असेल तर मराठीतलंच पुस्तक घ्या, आणि आधी नमुना ऐका. निवेदक घाईघाईने वाचत असेल तर पुस्तक कितीही नावाजलेलं असो, दुसरं बघा. घरातल्या मोठ्यांना मध्येच प्रश्न विचारायला सवड मिळायला हवी.