शिशाच्या गोळ्या सोडल्या, तांब्याच्या घेतल्या आणि कॅलिबर बदलायचं राहूनच गेलं

मी तांब्याकडे वळलो ते काही फार मोठा विचार करून नाही. एका हरणाचं मांस साफ करताना जखमेपासून चांगलं वीतभर लांब बोटाला काहीतरी कचकचलं, बघतो तर शिशाचा कण, तांदळाच्या कणीएवढा. मग अजून शोधले तर अजून सापडले. हे घरातली पोरं खाणार म्हटल्यावर डोकं फिरलं. तसं वाचलेलं होतंच की कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडं शिकारीचे अवशेष खाऊन शिशाच्या विषबाधेने मरतात, तिथे २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंदच केली, डेन्मार्कनेही २०२४ मध्ये रायफलच्या शिशाच्या गोळ्या बंद केल्या. पण वाचणं वेगळं आणि स्वतःच्या बोटाला लागणं वेगळं. (परवाना, टॅग, सीझन वगैरे मी धरूनच चाललोय, ते नियम जिथले तिथे बघायचे.)

माझ्याकडे जुनी .३०८ विंचेस्टर रायफल, बावीस इंची बॅरल. इतकी वर्षं त्यातून १८० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं छोटं माप) शिशाची गोळी मारत आलो, त्यामुळे दुकानात गेलो आणि सरळ १८० ग्रेनचाच तांब्याचा बॉक्स उचलला. वजन तेच, कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी तीच, मग फरक काय पडणार, असा आपला हिशोब. रेंजवर शंभर यार्डावर पाच गोळ्या मारल्या. टार्गेट आणून बघितलं तर ग्रुप, म्हणजे सगळ्या भोकांचा पसारा, जेवणाच्या ताटलीएवढा, आणि त्याहून विचित्र म्हणजे दोन भोकं गोल नव्हतीच, लांबट होती, अंड्यासारखी. आधी वाटलं स्कोपचे स्क्रू ढिले झाले, ते आवळले, परत मारल्या, परत तेच. मग वाटलं आपलाच हात बिघडला. शेवटी शेजारच्या बेंचवरचे एक म्हातारे काका टार्गेटकडे बघून म्हणाले, "अहो, गोळी डुगडुगतेय तुमची. ट्विस्ट किती आहे?" मला उत्तर देता आलं नाही. पंधरा वर्षं ती रायफल वापरतोय आणि तिच्या बॅरलला पीळ किती, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचा किती इंचांत एक फेरा घेतात, हे माहीत नाही, लाजच वाटली.

घरी येऊन मोजला. क्लीनिंग रॉडला घट्ट बसेल असं फडकं लावायचं, रॉडची मूठ मोकळी फिरणारी पाहिजे नाहीतर सगळं मोजमाप चुकतं, रॉडला मुठीजवळ टेपचा छोटा झेंडा लावायचा आणि हळूहळू आत ढकलायचं, झेंड्याचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत रॉड किती आत गेला ते मोजायचं. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा बारा इंच. म्हणजे १:१२. आणि तिथे सगळं कळलं.

गंमत अशी आहे की शिशाची घनता ११.३४ आणि तांब्याची ८.९६, त्यामुळे तेवढंच वजन तांब्यात बसवायचं तर गोळी लांब करावी लागते, जाडी तर वाढवता येत नाही ना, बॅरल तेवढंच. माझ्या दोन्ही १८० ग्रेनच्या गोळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या तर तांब्याची चांगली पाच मिलिमीटर उंच. आणि गोळी हवेत सरळ राहायला किती वेगाने फिरली पाहिजे हे तिच्या वजनापेक्षा लांबीवर जास्त ठरतं. ग्रीनहिल नावाच्या गणितज्ञाने १८७९ मध्येच याचं सूत्र दिलंय, आता मिलरचं सूत्र जास्त वापरतात, कॅल्क्युलेटरमध्ये लांबी, वजन, वेग टाकला की एक आकडा येतो, तो १ च्या खाली गेला तर गोळी कोलमडते आणि शिकारीला १.४ च्या आसपास तरी असावा म्हणतात. माझा आकडा आला १ च्या जेमतेम वर. थंड हवा दाट असते, त्यात तो अजून खाली जातो, आणि मी रेंजवर गेलो होतो कडाक्याच्या थंडीत सकाळी सातला. म्हणजे रायफल बिचारी निर्दोष, स्कोप निर्दोष, दोषी मीच.

आता खरं तर इथे १५० ग्रेनचा बॉक्स आणून विषय संपला असता. पण आपल्याला एक निमित्त मिळालं ना! नवीन कॅलिबर, म्हणजे दुसऱ्या मापाची रायफलच, घ्यायचं असं डोक्यात बसलं, आणि पुढचे तीन महिने मी त्याच्याच मागे.

त्या तीन महिन्यांत जे कळलं ते असं, की तांब्याच्या गोळीला सगळ्यात जास्त काय लागत असेल तर वेग. सुटतानाचा नाही, लागतानाचा. शिसं मऊ असतं, हळू लागलं तरी पसरतं. तांब्याच्या गोळीच्या नाकात एक पोकळी असते, तिच्यात दाबाने ओलावा घुसतो तेव्हा ती चार पाकळ्यांत उघडते, आणि त्याला जोर लागतो. गोळीगोळीप्रमाणे फरक आहे पण साधारण १८०० ते २००० फूट पर सेकंद हा कमीत कमी वेग धरतात, त्याच्या खाली पाकळ्या नीट उघडतीलच याची खात्री नाही, पेन्सिलने भोक पाडल्यासारखी गोळी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन लांब निघून जातं. याहून वाईट काही नाही. मी माझ्यासाठी २००० ही रेघ ओढली आणि मग एकेक कॅलिबर त्या रेघेवर तपासायला बसलो.

.२४३ ला धक्का जवळजवळ नाहीच, ८० ग्रेनची हलकी तांब्याची गोळी सुसाट जाते, लहान हरणाला उत्तम, पण रानडुकरासाठी माझं मन काही होईना. .२७० तर १९२५ पासूनचं जुनं कॅलिबर, १३० ग्रेनला ३००० च्या वर वेग, जणू तांब्यासाठीच काढलंय असं वाटावं. ६.५ क्रीडमोर २००७ चं, त्याचा नेहमीचा ट्विस्टच १:८, लांब गोळीची काळजीच नको, १२० ग्रेनला २९०० च्या आसपास वेग आणि खांदाही शाबूत. मित्राच्या ६.५ मधून वीस गोळ्या मारल्या आणि खरं सांगतो, प्रेमातच पडलो. .३० मॅग्नम पण मारून बघितली, वेगाच्या दृष्टीने तांब्याला ती फारच मानवते, कारण तांबं वेगाने फुटून चुरा होत नाही, पण चौथ्या गोळीपासून मी ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागलो. डोळे मिटून मारलेल्या गोळीला कॅलिबर कुठलंही असो काय फरक पडतो. आणि .३०-३० सारखी मुळातच संथ काडतुसं असतील तर त्यांच्यासाठी कमी वेगात उघडणारी खास गोळी शोधावी लागते, साधी तांब्याची उचलायची नाही.

याच भानगडीत एक गोष्ट पटली. तांब्यात एक पायरी खाली उतरायचं. शिशात १८० मारत असाल तर तांब्यात १५०, शिशात १५० तर १३०. वजन कमी म्हणजे मार कमी असं वाटतं पण तसं नाही, कारण शिशाची गोळी आत जाता जाता स्वतःच झिजते आणि तांब्याची जवळपास अख्खी राहते. विश्वास बसेना म्हणून मी पाण्याने भरलेले प्लास्टिकचे कॅन एका रांगेत ठेवून पन्नास यार्डावरून मारून बघितलं. शिशाची १८० वाली चौथ्या कॅनमध्ये सापडली, काट्यावर ठेवली तर ११२ ग्रेन. तांब्याची १५० वाली सहाव्यात, वजन १४९, चार पाकळ्या मागे वळलेल्या, एखादं छोटं फूल असावं तशी. ती अजून टेबलावर आहे.

तरी ६.५ घ्यायचं जवळजवळ नक्की झालं होतं, आणि मग एका रात्री सहज शिकारीची वही काढली. मी प्रत्येक वेळी अंतर लिहून ठेवतो. चौदा नोंदी. त्यातल्या अकरा दीडशे यार्डाच्या आत, सगळ्यात लांबची २३०. वही बघून हसूच आलं, मी तीन महिने चारशे यार्डाचे तक्ते घोकत बसलो होतो. मग क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) उसना आणला, १५० ग्रेनची तांब्याची गोळी माझ्या .३०८ मधून सरासरी २७४० ने सुटत होती. बॉक्सवर २८२० लिहिलेलं, पण ते चोवीस इंची बॅरलचं, त्यामुळे आपण स्वतः मोजलेलंच खरं. त्या हिशोबाने २००० ची रेघ साडेतीनशे यार्डाच्या जरा पुढे येते. मी स्वतःला अडीचशेची मर्यादा घातली. म्हणजे नव्या कॅलिबरची गरज कुठे होती? नव्हतीच. हौस होती, तो भाग वेगळा.

एक काम मात्र मन लावून केलं, बॅरल पार आतून धातूपर्यंत साफ. जुन्या शिशाच्या गोळ्यांवर तांब्याचं पातळ आवरण असतं, त्याचा थर आत बसलेला असतो, त्याच्यावरच नवीन तांबं मारायला लागलं की ग्रुप पसरतो. तांबं काढायचं सॉल्व्हंट लावायचं, थांबायचं, फडकं घालायचं, निळंशार बाहेर येतं, परत लावायचं. अख्खी संध्याकाळ गेली, फडकी किती गेली मोजली नाहीत, शेवटचं पांढरं आलं तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. सॉल्व्हंटला अमोनियाचा असा वास की घरच्यांनी बाहेर काढलं. पण पुढच्या रविवारी १५० चा ग्रुप सव्वा इंचात आला, सगळी भोकं गोल.

सीझनच्या दुसऱ्या दिवशी १४० यार्डावर हरीण मिळालं. नेमाची जागा थोडी बदलली होती, आधी मी खांद्याच्या मागे फुप्फुसात मारायचो, आता खांद्याला धरून मारतो, तांब्याला हाड चालतं, उलट हाड लागलं की ते बरं उघडतं. तीसेक पावलं गेलं आणि बसलं. गोळी आरपार, रक्ताचा माग दोन्ही बाजूंनी. मांस साफ करताना या वेळी मुद्दाम जखमेभोवती बोट फिरवत राहिलो, काही लागलं नाही, आणि जांभळं झालेलं फेकायचं मांसही मूठभरच.

तो १८० चा बॉक्स पडून होता, दहा गोळ्या उरलेल्या. दुसऱ्या एका मित्राकडे .३०८ च आहे पण बॅरल १:१० चं, त्याला म्हटलं मारून बघ. पाच मारल्या, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशा बसल्या, एकही भोक लांबट नाही. मी काही न बोलता उरलेल्या पाच त्याच्या बॅगेत टाकल्या.